फरशी सुकायला वेळ लागतो

ऑफिस क्लिनिंगमध्ये काय काय नवीन आलंय आणि त्यातलं काय टिकणार हे बघायचं असेल तर गोव्यात जुलै महिन्यात बघावं, डिसेंबरात काय, सगळंच चालतं. मी पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसात ॲडमिन बघते. हाउसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट, सामान, तक्रारी सगळं माझ्याकडं, त्यामुळं सेन्सर, रोबो, मायक्रोफायबर, एन्झाइमवाली केमिकल्स, हजेरीचं ॲप असं काय काय घेऊन येणारी मंडळी सतत भेटत असतात आणि मी त्यांचं नीट बसून ऐकते, कारण मला हा विषय मनापासून आवडतो. पण त्यांच्या लॅपटॉपवर जी ऑफिसं दिसतात ती असतात पुण्याची नाहीतर बंगळुरूची. आपल्याकडं वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हवेत दमटपणा ८०-९० टक्के, दारात लाल माती, आणि मिरामार-दोनापावलाकडं ऑफिस असेल तर वरून खारा वारा. इथं पुसलेली फरशी सुकतच नाही हो. एवढा साधा प्रश्न, पण कुठल्याच ब्रोशरमध्ये मला तो अजून दिसला नाही.

आमच्याकडं दोडामार्गच्या बाजूनं येणाऱ्या एक मावशी आहेत, त्या पाऊस लागला की सांगतातच, "मॅडम, पुसलंय तरी सुकणा नाय, मगे परत पाय उमटतत." सगळं दुखणं यात आलं. ओल्या फरशीवर कुणी चाललं की लाल पाय उमटतात, मग परत पुसा, परत ओली, परत पाय, आणि दुपारपर्यंत लॉबीत तीन-चारदा पुसूनही लोक म्हणतात आज साफ केलं नाही वाटतं.

हर्बर्ट सिनर म्हणून एक जर्मन केमिस्ट होता, हेन्केल कंपनीतला, त्यानं १९५९ मध्ये एक वर्तुळ मांडलं जे सफाईच्या ट्रेनिंगमध्ये आजही शिकवतात. कुठलीही सफाई चार गोष्टींवर चालते, केमिकल, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ, आणि यातली एक कमी केली की उरलेल्या वाढवाव्या लागतात, वर्तुळ पुरं व्हायलाच हवं. आता आपल्या ऑफिसात बघा. गरम पाणी कुणी देत नाही. जोर म्हणजे मावशींचा खांदा, तो किती ताणणार. वेळ तर कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यात आधी कापला जातो, सहा माणसांचं काम चार माणसांवर आलं की वेळच कापला ना, फक्त तसं कुणी म्हणत नाही. मग राहिलं काय, केमिकल. म्हणून बादलीत झाकणभर सांगितलेलं असताना अर्धी बाटली पडते, आणि त्याचा चिकट थर फरशीवर राहतो, त्यावर माती आणखी बसते. फरशी काळपट दिसते ती पुष्कळदा मळानं नाही, न धुतल्या गेलेल्या साबणानं.

म्हणून काहीही नवीन आलं की मी एकच गोष्ट तपासते, यानं साफ करणाऱ्याच्या हातात वेळ येतो की आहे तोही जातो.

मॅटचंच घ्या. नवीन इमारतींमध्ये आता दारात एक शोभेचं पायपुसणं न टाकता चांगली चार-पाच मीटर लांबीची मॅटिंग घालतात, बाहेर खरखरीत माती खरवडणारी, मग ब्रशवाली, मग आत पाणी शोषणारी, म्हणजे माणूस आत येईपर्यंत दोन्ही पाय तीन-चारदा तरी तिच्यावर पडतात. मला विचाराल तर सगळ्या ट्रेंडमध्ये हा सगळ्यात शहाणा, कारण आत आलीच नाही ती माती काढावी लागत नाही. आपल्या लाल मातीत लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गंजासारखे, बारीक कण असतात, ते टाइल्सच्या सांध्यात जाऊन बसले की रंगच धरतात, आणि लोक त्यावर काय ओततात तर ब्लीच. क्लोरीनवालं ब्लीच लोखंडी डागावर उलटं काम करतं, डाग आणखी पक्का होतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लागतं, हातमोजे घालून, थोडंसं, आणि नंतर भरपूर पाणी, तेही संगमरवरावर अजिबात नाही. पण त्याच्या आधी माती कोरडी असतानाच झाडून नाहीतर व्हॅक्यूमनं काढायची, मॉप नंतर. ओल्या मॉपनं माती पुसणं म्हणजे फरशीला गेरू लावणं झालं. आणि मॅट भिजून जड झाली की ती पण बदलावी लागते, दुपारी दुसरी जोडी टाकायची. परदेशात मॅट भाड्यानं देऊन ठरलेल्या दिवशी धुतलेल्या आणून बदलणाऱ्या कंपन्या आहेत, आपल्याकडं पावसाळ्यात हा धंदा नक्की चालेल असं मला फार वाटतं, कुणीतरी करा.

मायक्रोफायबरबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. कपडा उत्तम, यात वाद नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे धागे इतके बारीक चिरलेले असतात की धूळ ढकलली न जाता त्यात अडकते, पाणी कमी लागतं, साध्या पाण्यानंही खूप काम होतं, आणि जुन्या दोऱ्यांच्या मॉपसारखी लॉबीभर पाण्याची तळी होत नाहीत. फ्लॅट मॉप आल्यापासून फरशी निम्म्या वेळात सुकते हे मी डोळ्यांनी बघितलंय. रंग पण ठरलेले आहेत, ब्रिटनमधल्या सफाईच्या संस्थेनं लोकप्रिय केलेली पद्धत, लाल कपडा टॉयलेटचा, निळा टेबलं-खुर्च्यांचा, हिरवा पॅन्ट्रीचा, म्हणजे टॉयलेटचा कपडा चुकूनही चहाच्या कपाकडं जायला नको. हे सगळं छानच. पण हे कपडे धुऊन पूर्ण सुकवावे लागतात, फॅब्रिक सॉफ्टनर चालत नाही कारण त्यानं धागे बुजतात आणि कपडा शोषतच नाही, आणि जुलैत हे सुकवायचे कुठं? बहुतेक ऑफिसांत हाउसकीपिंगची जागा म्हणजे जिन्याखाली नाहीतर टॉयलेटला लागून एक कोंदट खोली, खिडकी नाही, पंखा नाही, तिथंच बादल्या, तिथंच मावशींचा डबा आणि बदलायचे कपडे. रात्रभर ओला कपडा तिथं लटकतो, सकाळी कुबट वास येतो, आणि त्याच कपड्यानं आपण एमडीचं टेबल पुसतो. म्हणजे रात्रभरात त्या कपड्यात जे काय वाढलं ते सगळ्या टेबलांवर समान वाटून टाकतो. लाखभराचं सामान घेणाऱ्या ऑफिसला एक छोटा ड्रायर, एक एक्झॉस्ट फॅन आणि कपडे लटकवायला दांडी परवडत नाही हे मला पटतच नाही.

मग बुरशी. ती गोव्यात ज्यानं बघितली नाही त्यानं पावसाळा बघितला नाही. चामड्याची खुर्ची, फायलींच्या पाठी, एसीच्या झडपांभोवती काळे ठिपके, कपाटातल्या बॅगा, प्लायवूडच्या पार्टिशनची मागची बाजू, सगळीकडं. लोक हाउसकीपिंगवर ओरडतात, पुसत नाही म्हणून, आणि मावशी बिचाऱ्या पुसतात, आठ दिवसांत परत येते. येणारच. बुरशीला पाणी हवं असतं, खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर तिला जमत नाही, वर गेली की तुम्ही काहीही फवारा. रंगावर, टाइलवर पुसून निघते, पण जिप्समच्या बोर्डात किंवा प्लायमध्ये आतवर गेली की वरून ब्लीच लावून फक्त रंग उडतो. आमच्या डिचोलीच्या घरी पावसाळ्यात कपाटात ४० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उष्णतेनं आतली हवा कोरडी राहायची, रेशमी साड्या आणि बाबांचा कॅमेरा दोन्ही वाचायचं. एलईडी आले आणि ते गेलं, कारण एलईडी तेवढा तापतच नाही. आता रेकॉर्ड रूमला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, लावतात, त्याची टाकी रोज ओतावी लागते, आणि ती ओतायचं काम कुणाच्या यादीत असतं तर कुणाच्याच नाही.

एसीचं पण तसंच. शनिवार-रविवार सगळं बंद, आत दमट हवा कोंडलेली, कॉइल ओली, आणि सोमवारी सकाळी एसी चालू केला की तो ओळखीचा वास. तो वास रूम फ्रेशनरनं झाकू नका. शुक्रवारी बंद करायच्या आधी नुसता पंखा थोडा वेळ चालवून कॉइल सुकवायची, फिल्टर धुवायचे, पाण्याचा ड्रेन तुंबलाय का बघायचं, आणि १८ वर ठेवण्याचा हट्ट सोडायचा, थंडगार भिंतीवर आपली दमट हवा लागली की तिथं पाणी धरतंच. हे सगळं एसीवाल्याचं काम की हाउसकीपिंगचं यावर आमच्याकडं वर्षानुवर्षं घोळ होता, दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या फटीत बुरशी आरामात वाढते. आता नवीन ट्रेंड म्हणून हे दोन्ही एकाच फॅसिलिटी कॉन्ट्रॅक्टमध्ये आणतात, त्याचं मी स्वागत करते.

कोरोनानं या धंद्याला खूप काही दिलं आणि काही चुकीच्या सवयी पण. २०२० मध्ये १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, दिसेल तिथं मारत होते, दरवाजे, लिफ्ट, कागद, काही ठिकाणी तर चक्क माणसांवर, शेवटी आरोग्य मंत्रालयाला त्या एप्रिलमध्ये सांगावं लागलं की माणसांवर फवारू नका. पुढं २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं म्हटलं की पृष्ठभागाला हात लागून हा आजार होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी, मुख्य प्रश्न हवेचा. पण फवारणी राहिली, कारण ती दिसते आणि वासही येतो. खिडकी उघडलेली कुणाला दिसत नाही. त्यातून डिसइन्फेक्टंटला काम करायला वेळ लागतो, बाटलीवर लिहिलेलं असतं, पृष्ठभाग अमुक मिनिटं ओला राहिला पाहिजे, आणि आधी मळ काढलेला पाहिजे. आपण काय करतो, फवारलं की लगेच फडकं. पुन्हा वेळच. त्यात सफाईच्या मुलांना कुणी सांगत नाही की ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करायचं नाही, त्यातल्या ॲसिडनं क्लोरीन वायू सुटतो, छोट्याशा बंद टॉयलेटमध्ये तो जिवावर बेतू शकतो. नवीन मुलगा कामावर आला की पहिल्याच दिवशी, युनिफॉर्म द्यायच्या आधी, हे सांगायला हवं, त्याला समजणाऱ्या भाषेत, मग ती कन्नड असो की उडिया.

आता बिनवासाची, किंवा अगदी मंद वासाची केमिकल्स येतायत, एन्झाइमवाली येतायत जी टॉयलेटच्या सांध्यातला वास खाऊन टाकतात, मोजून पडणारे डोसिंग पंप येतायत. पंप मला फार आवडला, त्यामुळं अंदाजानं ओतणं थांबलं. पण बिनवासाचं केमिकल वापरायला लागलो तेव्हा लोक विचारायला लागले, आज फिनेल मारलं नाही का? आपल्या पिढ्या फिनेलच्या वासाला स्वच्छ म्हणत मोठ्या झाल्या. मी प्रत्येकाला समजावत बसते की स्वच्छ जागेला वास नसतो, ज्यांना दमा आहे ते सहकारी तर स्वतःहून येऊन धन्यवाद देऊन गेले.

या सगळ्यात खरा मोठा बदल कुठला म्हणाल तर दिवसा सफाई. परदेशात त्याला डे क्लीनिंग म्हणतात, नॉर्डिक देशांत ते बरंच रुळलंय. पूर्वीची पद्धत म्हणजे सगळे घरी गेले की किंवा सगळे यायच्या आधी साफ करायचं, म्हणजे ऑफिसला कळतच नाही कोण करतं. आता कमी आवाजाचे, बॅटरीवर चालणारे व्हॅक्यूम आले, वायरीत कुणी अडकत नाही, बाजूला फोन चालू असला तरी चालतो, त्यामुळं नऊ ते पाच या वेळात काम होऊ शकतं. आपल्याकडं याचा अर्थ फार मोठा आहे. डिचोली, सत्तरी, दोडामार्गहून येणाऱ्या बायका कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर अवलंबून असतात, संध्याकाळची बस चुकली की पुढं काय, आणि पहाटे साडेसहाला पणजीत पोचायचं तर घरातून निघायचं किती वाजता, मुलांचा डबा कोण करणार. दिवसाची ड्यूटी झाली आणि काम सोडून जाणाऱ्या बायका आमच्याकडं थांबल्या. दुसरं असं की लोक त्यांना ओळखायला लागले, नावानं हाक मारायला लागले, आणि ज्या माणसाला आपण सकाळी नमस्कार केला त्याच्यासमोर आपण चहाचा कप तसाच टेबलावर सोडून जात नाही. वॉशबेसिनमधली घाणही कमी झाली. कुणाला नियम लावला नव्हता.

पण दिवसा साफ करायचं तर ओली फरशी आणि चालणारी माणसं एकाच वेळी, आणि पाऊस. इथं परत सुकण्याचा प्रश्न येतो. त्यावर आम्ही ब्लोअर आणले, ते जमिनीवर ठेवायचे पंखे असतात ना तसे, कॉरिडॉर अर्धा अर्धा करून पुसायचा, मध्ये पिवळी पाटी, एक बाजू पूर्ण सुकली की दुसरी. वेळ जास्त लागतो एका फेरीला, पण दिवसभराचं काम कमी झालं कारण पाय उमटत नाहीत. तसंच टेबलाखालचे डबे काढून टाकले आणि मजल्यावर दोन ठिकाणी ओला-सुका वेगळे डबे ठेवले. पणजी महापालिकेनं कचरा वेगळा करायची सवय शहराला बऱ्याच आधी लावली, त्यामुळं लोकांना नवीन वाटलं नाही, थोडी कुरकुर झाली, संपली. रोज प्रत्येक टेबलाखाली वाकून पिशवी बदलायचा सगळा वेळ वाचला, कंबरही वाचली.

तंत्रज्ञानाकडं मी याच डोळ्यांनी बघते. टॉयलेटच्या दारावरचा सेन्सर किती माणसं आली गेली मोजतो आणि ठरावीक आकडा झाला की सांगतो, जा साफ करा. हायब्रिड कामामुळं सोमवारी आणि शुक्रवारी अर्धं ऑफिस रिकामं, मंगळवारी-बुधवारी गर्दी, मग रोज सारख्याच फेऱ्या कशाला. हे पटतं, यानं वेळ वाचतो. पण तोच सेन्सर सांगतोय म्हणून चारची दोन माणसं केली तर वाचलेला वेळ कुणाला मिळाला? क्यूआर कोड आणि फोटोचं तर मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक टॉयलेटनंतर स्कॅन करा, फोटो काढा, अपलोड करा, नेटवर्क नाही, परत करा, ओल्या हातानं स्क्रीन चालत नाही, हातमोजे काढा, घाला. दिवसातला केवढा वेळ साफ केलंय हे दाखवण्यात जातो, जो साफ करण्यात गेला असता. टॉयलेट साफ आहे की नाही ते आत गेलं की कळतं. ज्याला खरंच मोजायचंय त्यानं एटीपी मीटर आणावा, पृष्ठभागावर स्वॅब फिरवून त्यावर किती सेंद्रिय मळ राहिलाय ते उजेड मोजून सांगतो, हॉस्पिटलात आणि फूड फॅक्टरीत आधीपासून आहे, आता ऑफिसवालेही वापरतात. महिन्यातून कधीतरी फिरवला तरी पुरे, आणि मावशींना दाखवला तर त्यांनाही आनंद होतो, आकडा कमी आला की.

रोबो स्क्रबर मोठ्या सपाट जागेला उत्तम, एअरपोर्ट, मॉल, वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांचे लांबच लांब कॉरिडॉर. त्यात विरोध कसला, मैलभर चालून खांदे दुखवून घेण्यापेक्षा ते यंत्रानं करावं आणि माणसानं कोपरे, हँडल, पॅन्ट्री बघावी. पण पणजीच्या फोंताइन्यासमधल्या जुन्या घरात ऑफिस असलेले किती तरी आहेत, तिथं प्रत्येक खोलीला उंबरठा, वरच्या मजल्यावर लाकडी फळ्या ज्यांना पाणी लागताच कामा नये, तिथं हलकं घट्ट पिळलेलं फडकं आणि जाणता हात, दुसरं काही नाही.

शेवटी सगळं कॉन्ट्रॅक्टपाशी येतं, आणि तो भाग कुणालाच वाचायला आवडत नाही. आपल्याकडं अजून माणशी दरावर टेंडर निघतं, जो कमी लावेल त्याला. किमान वेतन ठरलेलं, त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के, कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे, सव्वातीन टक्के, वर १८ टक्के जीएसटी, मग कमी लावायला जागा उरते कुठं? माणसं कमी करण्यात, रजेच्या बदलीचा माणूस न देण्यात, केमिकल पातळ करण्यात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात अर्धी माणसं गावी जातात, जाणारच, वर्षाचा सण आहे, आणि बदली नाही म्हणून उरलेल्यांवर दुप्पट काम. आता कामाच्या दर्जावर पैसे देणारी कॉन्ट्रॅक्टं येतायत, किती माणसं आली याच्यापेक्षा जागा कशी राहिली ते बघणारी. ऐकायला चांगलं आहे. फक्त त्यात मजला, चौरस मीटर आणि प्रत्येक कामाला लागणारी मिनिटं आधी मोजून लिहिलेली असली पाहिजेत, आणि आपल्याकडची मिनिटं पावसाळ्याची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी.

या वेळच्या टेंडरमध्ये मी ते घातलंय. जून ते सप्टेंबर लॉबीला एक माणूस जास्त, मॅटच्या दोन जोड्या, कपडे सुकवायला ड्रायर आणि त्या खोलीला एक्झॉस्ट, मावशींना डबा खायला वेगळी जागा, चवथीला बदलीची माणसं. दर वाढून आलेत, अकाउंट्समधून फोनही आलाय की हे सुकवण्याचे पैसे कसले. त्यांना मी सोमवारी सकाळी खाली लॉबीत बोलावलंय, पाऊस चालू असताना, मावशी पुसत असतील तेव्हा.